जागेपणीचं प्रेशर

कुमुदताई गेल्याची बातमी त्यांच्या भाच्याने फोनवर दिली. ‘अंकल, बुआ नहीं रहीं,’ एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? ‘प्रेशर किती होतं?’ आम्हा डॉक्टर लोकांना रडण्याच्या आधी कारण विचारायची वाईट खोड असते. त्यात मी हृदयाच्या शस्त्रक्रिया करण्यात उभा जन्म घातलेला. माणूस गेला म्हणजे कुठला तरी आकडा खाली आला असणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. दुपारी जेवून त्या खुर्चीत बसल्या, पेपर उघडला, आणि त्यांच्या वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा हाकेला उत्तर आलं नाही... रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी जमलेले सगळे म्हणत होते, किती शांत मरण आलं. मला मात्र राग येत होता आणि कोणावर येतोय ते कळत नव्हतं. परत येताना गाडी रस्त्याच्या कडेला लावली, थोडा वेळ रडलो आणि मग घरी आलो.

त्याला आता महिना उलटून गेला. लोकांनी त्यांच्याविषयी खूप चांगलं लिहिलं, बोललं. मी काही लिहिणार नव्हतो. आम्हा दोघांचं नातं भांडणाचं होतं, आणि भांडणावर श्रद्धांजली कशी लिहिणार? पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट कानावर आली, आणि आता लिहिल्यावाचून चैन पडणार नाही.

कुमुदताई भूल देणाऱ्या डॉक्टर. घराणं भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेलं, तेव्हापासून रायपूरचंच. मी नागपूरचा. ‘तुम्ही तर आपल्याकडच्याच,’ असं पहिल्या भेटीत मी कौतुकाने म्हणालो, तर म्हणाल्या, ‘तुमच्याकडची कशी? मी तं इथलीच आहो. तुम्हीच येऊन राहिले आमच्याकडे.’ तेव्हा राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर एकदम राजधानी झालं होतं आणि गावाला ते अजून खरं वाटत नव्हतं. भाड्याच्या बंगल्यांवर रोज नव्या खात्याच्या पाट्या लागत होत्या, आणि एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत चक्क मंत्रालय भरत होतं. ‘पेशंट हाकलून साहेब भरती केले,’ असं त्या म्हणायच्या. तोपर्यंत इथल्या माणसाला हृदयाचं ऑपरेशन म्हणजे नागपूर, नाहीतर थेट दक्षिणेकडची गाडी. राजधानीत हृदयाचं ऑपरेशन झालं पाहिजे, अशी हवा होती. एका खासगी हॉस्पिटलाने युनिट काढायचं ठरवलं आणि मला बोलावलं. मी चाळिशीत होतो, तापट होतो आणि आपल्यासारखं टाके घालणारं मध्य भारतात कोणी नाही अशी माझी समजूत होती. कुमुदताई माझ्याहून वयाने मोठ्या, ठेंगण्या, आवाज जाड. माझ्या समजुतीला त्यांनी पहिल्या वर्षातच हात घातला.

झालं असं, की हॉस्पिटलाने घेतलेल्या सोनोग्राफीच्या मशीनबरोबर एक वेगळी नळी आली. काळी, लांब, टोकाशी अंगठ्याएवढी जाड. ती भूल दिलेल्या माणसाच्या तोंडातून अन्ननलिकेत उतरवायची आणि आतून हृदय बघायचं. ऑपरेशन चालू असताना, छाती उघडी असताना, हृदय आत कसं चाललंय ते पडद्यावर दिसतं. आम्हा सर्जनना उघड्या छातीतून हृदय दिसतं खरं, पण बाहेरून. आतल्या झडपा नीट मिटतात की नाही, हे हृदय चालू असताना बाहेरून काय कळणार? ही नळी चालवायला शिकायला कुमुदताई पन्नाशीच्या जवळ आल्या असताना काही महिने दक्षिणेत जाऊन राहिल्या. पोळीविना हाल झाले म्हणायच्या, पण शिकून आल्या. पेशंटच्या घरच्यांना त्या ज्या भाषेत समजवायच्या ते मी नंतर उचललं आणि माझं म्हणून खपवलं. ‘समोरच्या दारातून घर पाहाल तं पाहुणे आडवे येतात, सामान आडवं येते. मागच्या परसदारातून पाहा, स्वयंपाकघर सरळ दिसते. अन्ननलिका म्हणजे हृदयाचं परसदार.’ बिहारहून आलेला ट्रकवाला असो की मंत्रालयातला साहेब, मान डोलवायचा.

नळीवर त्यांचा असा जीव, की ती त्या स्वतः धुवायच्या, आणि सरळ लटकवून ठेवायच्या. कोणी गुंडाळून ठेवली तर त्या दिवशी त्या माणसाचं काही खरं नसे. बाकी बाईंमध्ये संतपण काही नव्हतं. पत्त्यांमध्ये उघड लबाडी करायच्या. डब्यात लिंबाचं लोणचं असलं की झाकण आडवं धरून जेवायच्या. ज्युनिअरला रागावल्या की मराठीत सुरुवात करून हिंदीत चढायच्या आणि छत्तीसगढीत उतरायच्या, तोवर राग संपलेला असे. मला ‘भाऊ’ म्हणायच्या. पण त्या ‘भाऊ’मध्ये मान किती आणि टोमणा किती हे त्या दिवसाच्या ऑपरेशनवर ठरायचं.

आणि एक त्यांचा नेम होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्या वॉर्डात यायच्या, नातेवाइकांना सरसकट बाहेर काढायच्या आणि पेशंटच्या पलंगावर बसून गप्पा मारायच्या. मला ते वेळखाऊ वाटायचं. एकदा दाराशी उभा राहून ऐकलं. ‘गुडाखू घासथस?’ हा पहिला प्रश्न. गुडाखू म्हणजे इथली तंबाखूची मिश्री. ती घासून घासून इकडच्या बायकांचे दात हलायला लागतात आणि नळी घालताना एखादा दात आत पडला तर संपलंच. मग, ‘बासी खाताना घास अडकते का?’ बासी म्हणजे पाणी घातलेला शिळा भात. त्याचाही घास अडकत असेल तर अन्ननलिकेत काही दोष असणार, मग नळी घालायची नाही. आणि मग, ‘दिवसभर काय काय काम करतेस, सांग.’ पाणी कुठून आणते, किती उचलते, घराला जिना आहे का, सायकल चालवते का, शेतात जाते का. मला वाटायचं, हे म्हणजे नुसतं बायकी कुतूहल. त्याचा अर्थ मला ऑपरेशन टेबलवर कळला.

एक झडप मी दुरुस्त केली होती. हृदय पुन्हा चालू झालं, मशीनवरून सुटलं, पडद्यावर झडप छान मिटताना दिसली, गळती नाही. मी छाती बंद करायला घेतली, तर पेशंटच्या डोक्याकडच्या कापडी आडोशामागून आवाज आला, ‘काहून घाई करून राहिले? थांबा नं.’ आणि त्यांनी पेशंटला रक्तदाब चढवणारं औषध दिलं. मी वैतागून विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाल्या, ‘आत्ता ते झोपलेलं हृदय आहे, भाऊ. झोपेत कोणतंही पोट्टं शहाणंच दिसते. हा उद्या उठून सायकल मारत सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्युटीवर जाईन, तेव्हाचं पाहू द्या.’ गोष्ट खरी होती. भुलेत माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, हृदयासमोर जोर कमी असतो, त्यामुळे गळकी झडपसुद्धा गळताना दिसत नाही. माणूस जागा होऊन कामाला लागला की दाब चढतो आणि मग खरी परीक्षा. पुस्तकात हे मीही वाचलेलं होतं. पण कोणाचा दाब किती चढवून बघायचा, हे त्या आदल्या संध्याकाळच्या गप्पांवरून ठरवायच्या. बसून नोकरी करणाऱ्याला थोडा, पाणी वाहणारीला जास्त. याला त्या ‘जागेपणीचं प्रेशर’ म्हणायच्या. हळूहळू आमच्या थिएटरचा तो नियमच झाला. दाब चढवून पडदा बघितल्याशिवाय छाती बंद होत नसे, आणि सर्जनने स्वतः डोक्याच्या बाजूला येऊन, ग्लोव्ह्जचे हात छातीशी धरून, तो पडदा बघायचा. ‘माह्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी पाहा,’ असं त्या बजावायच्या. मी कुरकुरत जायचो.

आता त्या मुलीबद्दल. तिचं नाव मी बदललं आहे, सुनीता म्हणू. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवची. नवरा उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला. लग्नाला काही वर्षं झालेली आणि मूल नाही. तिच्या हृदयातल्या डाव्या बाजूच्या झडपेला धरून ठेवणारा एक दोरा तुटला होता. झडपेचा पदर उलटा जायचा आणि रक्त मागे फिरायचं. चार पावलं चालली की धाप. इलाज दोन. एक म्हणजे तीच झडप शिवून दुरुस्त करायची. ते जमलं तर सगळ्यात उत्तम. नाही जमलं तर ती काढून धातूची झडप बसवायची. ती आयुष्यभर टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. आणि ती गोळी चालू असताना पोटी मूल राहणं आईलाही धोक्याचं, बाळालाही. जनावराच्या पेशींची झडपही असते, पण इतक्या तरुण वयात ती लवकर बिघडते, मग पुन्हा छाती उघडावी लागते, आणि या थकलेल्या हृदयाला ते दुसऱ्यांदा झेपेल असं मला वाटत नव्हतं.

हे सगळं मी ओपीडीत तिच्या नवऱ्याला आणि सासूला समजावून सांगितलं. सुनीता शेजारच्या स्टुलावर डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. सासूने एकच गोष्ट उचलली. म्हातारीने माझे पाय धरले. ‘साहब, मशीन वाला वाल झन डालबे. मोर नाती के मुंह देखना हे. आप भगवान हो.’ मशीनची झडप घालू नका, नातवाचं तोंड पाहायचं आहे... कोणी भगवान म्हटलं की सर्जन हरभऱ्याच्या झाडावर चढतो, मी तर शेंड्यावरच गेलो. मी म्हटलं, काळजी करू नका माँजी, दुरुस्तच करतो. नवरा म्हणाला, ‘हमको तो आप पे भरोसा है.’ फॉर्मवर दोन्ही इलाज लिहिले होते, दुरुस्ती आणि नाहीतर बदल. सुनीताने सांगितलं तिथे अंगठा उठवला. आदल्या संध्याकाळी राउंडला गेलो, तर नवरा आणि सासू वॉर्डाबाहेर बाकावर बसलेले. आत कुमुदताई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. मी हसून पुढे गेलो.

सकाळी मी चार-पाच महिन्यांतलं माझं सगळ्यात देखणं काम केलं. तुटलेल्या दोऱ्याच्या जागी नवा दोरा घातला, पदर ओढून बरोबरीला आणला, कडेने गोल आधार शिवला. हृदय चालू झालं. पडद्यावर झडप मिटली, दारं अशी एकमेकांवर बसली की पाहत राहावं. गळती नावालाही नाही. मी मास्कच्या आत हसत होतो. ‘झालं, ताई. म्हातारीला नातू दिला.’ त्यांनी औषध दिलं. आकडा चढू लागला. नेहमी जिथे थांबायचा तिथे थांबला नाही, आणखी वर गेला, आणि पडद्यावर निळ्या-पिवळ्या रंगाचा एक फवारा उठून मागच्या भिंतीला जाऊन लागला.

‘इतकं कशाला चढवता?’ मी ओरडलोच.

‘ही दोन हंडे घेऊन जिना चढते, भाऊ. तुम्ही काय हिले एसीत झोपवून ठेवणार आहा काय?’

‘आणखी थोडं ओढून बघतो. एक टाका लागेल. पुन्हा हृदय थांबवू.’

त्यांनी नळी किंचित फिरवली. पडद्यावर हृदयाचा दुसरा भाग आला, आणि त्याचं आकुंचन आधीपेक्षा मंद दिसत होतं. ‘हे पाहा. थकून राहिलं. पुन्हा थांबवाल, आन् गळती राहिलीच तं तिसऱ्यांदा थांबवाल? एकदाच थांबवा, झडप बदला.’

मी म्हटलं, ‘ताई, मूल होणार नाही तिला. तिच्या घरी काय सांगायचं?’

‘ते मी सांगते. तुम्ही बदला.’

हे त्यांच्या स्वभावाबाहेरचं होतं. एरवी त्या चित्र दाखवायच्या आणि बाजूला व्हायच्या. ‘हात तुमचे, निर्णय तुमचा,’ असं म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी काय करायचं ते सांगितलं, तेही दोनदा. मी पडद्यासमोर उभा राहिलो. फवारा खरा होता. हृदय थकलं होतं हेही खरं होतं. दुसऱ्यांदा दुरुस्ती करणारे सर्जन आहेत, न करणारेही आहेत, आणि कोणालाच कोणी चूक म्हणणार नाही... मी झडप बदलली. धातूची बसवली. जागेपणीच्या प्रेशरला थेंब गळला नाही. सुनीता चांगली शुद्धीवर आली.

बाहेर जे झालं ते मात्र वाईट होतं. घरच्यांना सांगायला माझ्या आधी कुमुदताईच गेल्या. झडप बदलावी लागली म्हणताच म्हातारीने कॉरिडॉर डोक्यावर घेतला. छत्तीसगढीतल्या शिव्या मला तेव्हा सगळ्या कळत नव्हत्या, पण डॉक्टरीण बाईचं स्वतःचं लग्न नाही, पोर नाही, म्हणून दुसरीचा पाळणा रिकामा ठेवला, एवढं कळलं. ‘कोन बोलिस बदले बर?’ म्हातारीने विचारलं. बदला असं कोण म्हणालं? मी पुढे होणार तोच कुमुदताई म्हणाल्या, ‘हव दाई, मैं बोलेंव.’ हो आई, मीच म्हणाले. नवरा जमिनीकडे बघत उभा होता. त्या तिथे उभ्या राहिल्या, म्हातारीचा दम संपेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग तिला पाणी आणून दिलं. तिने ग्लास ढकलला. ताईंच्या हिरव्या कपड्यांवर सगळं पाणी सांडलं.

ती गोष्ट गावात फिरली. बीरगांवहून येणारे पेशंट बरीच वर्षं विचारायचे, ‘वो छोटी वाली मैडम तो नहीं रहेंगी न?’ मला लाज वाटायची. ताईंना काही वाटत असेल तर त्या दाखवत नसत. मी मात्र गोष्ट सोडून देणारा माणूस नाही, माझ्या डोक्यात तो फवारा राहून गेला. नेहमीपेक्षा जास्त दाब का चढवला? थोडा कमी ठेवला असता तर गळती इतकी दिसली असती का? आणि इतक्या ठाम का होत्या? मी दर एक-दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या भांडणात हे उकरून काढायचो. ‘पिक्चर तुम्हीपण पाहिलं नं?’ एवढंच उत्तर मिळायचं. एकदा मी फारच बोललो. म्हणालो, तुम्हाला मूलबाळ नाही म्हणून... आणि वाक्य अर्धवट सोडलं. त्या लोणच्याचं झाकण लावत म्हणाल्या, ‘पुरं करा नं वाक्य. म्हातारीने तं पुरं केलं होतं.’ मग दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळ्या डब्यात लोणचं आणलं. मी खाल्लं. आमच्याकडे माफी मागायची आणि द्यायची पद्धत इतकीच होती.

पुढे युनिट मोठं झालं, मशीन नवी आली, नळ्या बारीक झाल्या, आता तर पडद्यावर झडप अशी दिसते की हातात घ्यावी. त्या निवृत्त झाल्या. मी ऑपरेशनं सोडली, आता फक्त संध्याकाळी ओपीडी करतो. यंदा दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेलो होतो, तीच शेवटची भेट. भाच्याची पोट्टी मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना हिंदीत उत्तरं देत होती आणि ताई तिला मुद्दाम मराठीतच विचारत होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, ‘आताचे पोट्टे प्रेशर चढवून पाहतात का हो? का झोपेत बरं दिसलं की शिवून टाकतात?’ मी म्हटलं, पाहतात. मग राहवलं नाही, विचारलंच, ‘ताई, आता तरी सांगा. बीरगांवची ती मुलगी...’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, ‘ते पेशंटचं आहे, भाऊ. माह्यं नाही.’ मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलताहेत.

गेल्या आठवड्यात सुनीता आली. ती वर्षातून दोनदा येते, रक्त किती पातळ आहे ते दाखवायला. आता केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा आहे, आणि बोलायला लागली की थांबत नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यांना कामगारांचे हातमोजे शिवून देते. पाच-सहा बायका तिच्या हाताखाली आहेत, आणि नवरा ड्युटीवरून आला की मोजे मोजून गठ्ठे बांधतो. रिपोर्ट बघून झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘दीदी कैसी हैं?’ मी सांगितलं.

ती पदर तोंडाशी धरून बसली. मग म्हणाली, ‘साहब, एक बात है. दीदी ने किसी को बताया नहीं होगा. आपको भी नहीं.’

आणि तिने सांगितलं. त्या संध्याकाळी दात बघून झाले, पाण्याचं, जिन्याचं विचारून झालं, आणि मग कुमुदताईंनी तिला विचारलं होतं, की सासूला काय पाहिजे ते ऐकलं, नवऱ्याला काय पाहिजे ते ऐकलं, तुला काय पाहिजे? झडप शिवूनही पूर्ण बसली नाही, तर डॉक्टर पुन्हा पुन्हा शिवत बसतील, त्यात जीवाला धोका. तेव्हा काय करू? सुनीता म्हणे आधी रडली. असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग म्हणाली, ‘दीदी, मोला तो जिये बर हे. लइका सास ला चाही.’ मला जगायचं आहे, मूल सासूला पाहिजे. ‘पर घर म झन बताबे, निकाल दिहीं.’ घरी सांगू नका, हाकलून देतील. त्यावर कुमुदताई म्हणाल्या, ‘गारी मैं सुन लेहूं. तैं गोली झन छोड़बे.’ शिव्या मी ऐकून घेईन, तू गोळी सोडू नको.

‘एक दिन नहीं छोड़ी, साहब,’ सुनीता म्हणाली. ‘एक दिन भी नहीं.’

म्हणजे म्हातारीच्या त्या सगळ्या शिव्या, बीरगांवच्या बायकांचं ते बोलणं, माझं ते अर्धवट वाक्य... हे सगळं त्या एका मुलीच्या शब्दाखातर बाईंनी मुकाट ऐकलं, आणि शेवटच्या भेटीतही मला काही सांगितलं नाही. मी टेबलावरचं पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवत होतो. प्रेशर जास्त चढवलं होतं की नाही, हे मला अजूनही माहीत नाही आणि आता विचारणार कोणाला? पण फवारा खोटा नव्हता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. झडप किती गळते ते पडदा दाखवतो. त्या गळतीचं काय करायचं, ते ज्याचं हृदय आहे त्याला विचारावं लागतं. मी ओपीडीत तासभर बोललो होतो, तीन माणसांसमोर. सुनीताला विचारलं फक्त त्यांनी. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी आठवण आली, की समोर पेशंट बसली आहे हे विसरून मी चष्मा काढून डोळे पुसले.

मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. ती म्हणाली, ‘लिख दीजिए, नाम बदल देना. सास तो अब रही नहीं. इनको मैंने खुद बता दिया, पिछले साल.’ मी विचारलं, मग नवरा काय म्हणाला? ‘कुछ नहीं बोले. दूसरे दिन से गोली की स्ट्रिप अपने जेब में रखने लगे, सुबह खुद देते हैं.’ दीदींना येऊन सांगायचं होतं म्हणे दोघांना. उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिलं.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा हळू होत थांबला. बाहेर रांगेतले पेशंट होते, तेही क्षणभर गप्प झाले, आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. धातूच्या झडपेचा. खोली शांत असली तर जवळ बसलेल्याला ऐकू येतो तो, बारीक, कोरडा, टिक... टिक... मी शेकडो झडपा बसवल्या, पण टेबलाच्या पलीकडून असा कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. सुनीता हसली. ‘आ रहा है न आवाज? रात में इनको नींद नहीं आती थी शुरू शुरू में. अब बोलते हैं, इसके बिना नहीं आती.’

लाइट परत आली, पंखा फिरायला लागला आणि ती टिकटिक त्यात बुडाली. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. मी उठलो आणि पंखा बंद केला.